मर्त्यांसाठी एडिटर

उबंटूवर पहिल्यांदाच 'क्रॉनटॅब -ई' ही कमांड दिली की काम सुरू करण्याआधी संगणकच आपल्याला एक प्रश्न विचारतो: कोणता एडिटर हवा? खाली क्रमांक घालून नावे येतात. त्यात नॅनो असतो, विम असतो, विमचीच एक हलकी आवृत्ती असते आणि दोनच अक्षरांचा एडी असतो. नॅनोच्या नावाकडे तुटक रेघांचा एक बाण रोखलेला असतो आणि बाणामागे एकच शब्द लिहिलेला असतो, 'ईझिएस्ट'. सर्वांत सोपा. लिनक्स शिकायला बसलेल्या नवशिक्याला काळ्या पडद्यावर भेटणारा हा बहुधा पहिला आपुलकीचा शब्द.

त्या चार-पाच ओळींत पन्नासहून जास्त वर्षे दाटून बसली आहेत. यादीतला प्रत्येक एडिटर त्याच्या काळात कुणाला तरी सोपाच वाटला होता. मग आज बाण एकालाच का? कमांड लाइनवर नव्याने आलेल्याने कोणता एडिटर धरावा, याचे उत्तर एका वाक्यात देता येते आणि ते मी पुढे देणारही आहे. पण या एडिटरांची नावे, त्यांच्या कळा, त्यांच्या कमांडींची अक्षरे कुठून आली हे एकदा कळले की ती घोकावी लागत नाहीत. नवशिक्याची निम्मी भीती घोकंपट्टीचीच असते.

यादीत सर्वांत वडीलधारा एडी. 1969 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स उभे केले, तेव्हाच्या अगदी पहिल्या साधनांपैकी हे एक. नाव म्हणजे 'एडिटर' या शब्दाची पहिली दोन अक्षरे. त्याचा पूर्वज क्यूईडी, म्हणजे 'क्विक एडिटर'. तो साठच्या दशकाच्या मध्यावर बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी लिहिला होता. तेव्हा डोळ्यांसमोर पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे यंत्र होते, त्याला कळफलक आणि कागदाचे रीळ. तुम्ही टंकलेले आणि संगणकाने दिलेले उत्तर, दोन्ही त्याच कागदावर उमटे, सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे या वेगाने. छापलेल्या ओळीवर मागे जाऊन काही बदलता येत नाही, त्यामुळे एडी तुम्हाला फाइल दाखवतच नाही. तिसरी ओळ पाहायची असेल तर ती छाप म्हणून सांगायचे. छापणे म्हणजे प्रिंट, म्हणून कमांड 'पी'. कागद गेला, पडदा आला, तरी 'दाखव' या अर्थी 'पी' तसाच राहिला. काही चुकले तर एडी एकच चिन्ह उमटवतो: ?. काय चुकले ते तुम्ही ओळखायचे. दहा अक्षरांना एक सेकंद लागत असताना ही काटकसर समजण्यासारखी होती.

एडीची एक कमांड मात्र अमर झाली. सगळ्या फाइलभर एखादा नमुना शोधून तो असलेल्या ओळी छापायच्या तर आधी 'ग्लोबल'चा जी, मग दोन तिरप्या रेघांमध्ये तो नमुना, शेवटी 'प्रिंट'चा पी. नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, म्हणून त्याच्या जागी आरई ही अक्षरे घातली की वाचायला मिळते जी-आरई-पी. ग्रेप. लिनक्सवर कामाला लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात हा शब्द वापरू लागतो. तो कुठल्याही कोशात नव्हता, एडीच्या एका ओळीतून तो गळून पडला.

खुद्द 'एडिटर' हा शब्द लॅटिन 'एदेरे'पासून आला. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'दारे' म्हणजे देणे. एडिटर म्हणजे बाहेर देणारा, प्रसिद्ध करणारा. प्राचीन रोममध्ये स्वतःच्या खर्चाने ग्लॅडिएटरांचे खेळ लोकांपुढे मांडणाऱ्यालाही एडिटर म्हणत. यातला 'दारे' आणि आपल्या 'दान'मधला 'दा' हे धातू एकाच मूळ घराण्यातले. मराठीने मात्र या कामासाठी 'संपादन' हा वेगळा शब्द निवडला, आणि त्याचा जुना अर्थ आजही जिवंत आहे: आपण ज्ञान संपादन करतो, विश्वास संपादन करतो. एकात देणे आहे, दुसऱ्यात मिळवणे. संगणकातल्या प्रोग्रामला मराठीत 'संपादक' म्हणण्याचे प्रयत्न झाले, पण कानाला तो शब्द वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या खुर्चीत बसलेलाच वाटतो. बोलताना सगळे 'एडिटर' म्हणतात आणि मला ते योग्य वाटते.

आता या लेखाच्या नावातला शब्द. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलूरिस नावाचे प्राध्यापक होते. तिथे पडद्याची टर्मिनले आली होती आणि एडीच्या मुक्या प्रश्नचिन्हाला तिथले लोक कंटाळले होते. कुलूरिस यांनी एडीत फेरफार करून 1976 च्या सुमारास एक एडिटर तयार केला आणि त्याचे नाव ठेवले 'एम'. मुद्रणालयात वाढलेल्यांना एम आणि एन ही अक्षररुंदीची मापे आठवतील, पण इथला एम निराळा. 'एडिटर फॉर मॉर्टल्स' याचे ते लघुरूप, म्हणजे मर्त्य मानवांसाठी एडिटर. मॉर्टल आणि मर्त्य हे शब्द नुसते अर्थाने जुळत नाहीत, ते सख्खे नातेवाईक आहेत. लॅटिन 'मॉर्स' आणि संस्कृत 'मृ' यांचे मूळ एक. नवशिक्याचा कैवार घेणारे नाव एडिटरला मिळाल्याचे याहून जुने उदाहरण मला माहीत नाही. थॉम्पसन यांनी लंडनमध्ये एम पाहिला, पण फाइलची बदलती अवस्था सतत डोळ्यांसमोर असावी अशी त्यांना गरज वाटली नाही, ही आठवण कुलूरिस यांनीच सांगून ठेवली आहे. थॉम्पसन यांच्या डोक्यात फाइल उभी राहत असे. बाकीच्यांच्या डोक्यात ती राहत नाही, आणि या एका फरकावर एडिटरांचा पुढचा सगळा इतिहास चालला आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुलूरिस बर्कलीला गेले आणि त्यांनी एम तिथल्या एका विद्यार्थ्याला दाखवला. त्याचे नाव बिल जॉय. जॉय आणि त्यांचे सहकारी चक हेली यांनी एमवरून 'एन' केला. एन वाढवून, म्हणजे एक्स्टेंड करून, 'एक्स' झाला. या एक्समध्ये जॉय यांनी पूर्ण पडदाभर फाइल दाखवणारी एक अवस्था घातली आणि तिला नाव दिले 'व्हिज्युअल'. ती चालू करण्याची कमांड म्हणजे त्या शब्दाची पहिली दोन अक्षरे, व्ही आणि आय. एका प्रोग्रामातल्या कमांडीचे नाव पुढे स्वतंत्र एडिटरचे नाव झाले. त्याचा उच्चार व्ही-आय असा सुटा करायचा, वी किंवा व्हाय असा नाही. 'व्हिज्युअल'च्या मुळाशी लॅटिन 'विदेरे', पाहणे. त्याचा संस्कृत भाऊ 'विद्', जाणणे, ज्यातून वेद आणि विद्या आले. पाहणे आणि जाणणे एकाच मुळातून फुटले. थॉम्पसन न पाहता जाणत होते, आणि जॉय यांचा एडिटर पाहून जाणू इच्छिणाऱ्यांसाठी होता.

म्हणजे आज नवशिके ज्याला सर्वांत घाबरतात तो व्हीआय 'मर्त्यांच्या' एडिटरचाच नातू. हे उलटे कसे झाले? उत्तर त्या वेळच्या यंत्रांत आहे. जॉय यांच्यासमोर एडीएम-3ए नावाचे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच डावा, खाली, वर, उजवा असे बाण छापलेले होते. व्हीआयमध्ये आजही कर्सर त्याच अक्षरांनी हलतो. एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे होती, करंगळी जराशी सरकवली की दाबता येणारी. पुढे कळफलक बदलला, एस्केप दूर कोपऱ्यात गेली, आणि जी हालचाल जॉय यांच्या बोटांना सहज होती ती आपल्याला लांबची झाली. घरून जॉय 300 बॉडच्या मोडेमवर काम करत. सेकंदाला सुमारे तीस अक्षरे. 24 ओळी आणि 80 रकाने असलेला पडदा पूर्ण भरायला एक मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर खाली सूचनांच्या दोन ओळी कायम दाखवत राहणे ही चैन कुणालाच परवडली नसती. व्हीआय गप्प असतो तो तुसडेपणाने नव्हे. त्याच्या जन्माच्या वेळी शब्द महाग होते.

व्हीआय उघडला की अक्षरे दाबूनही काही लिहिले जात नाही, कारण सुरुवातीला अक्षरे या कमांडी असतात. आय दाबला की 'इन्सर्ट' अवस्था सुरू होते, मग अक्षरे ही अक्षरे होतात. परत यायचे तर एस्केप. या अवस्थांना 'मोड' म्हणतात. लॅटिन 'मोदुस' म्हणजे माप, आणि त्यावरून रीत. मोड ही कल्पना मुळीच न रुचणारे एक मोठे नाव लॅरी टेस्लर. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात त्यांनी सत्तरच्या दशकात टिम मॉट यांच्याबरोबर 'जिप्सी' नावाचा मोड नसलेला एडिटर केला. मोडविरोध त्यांच्यात इतका भिनला होता की त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' अशी अक्षरे होती. मला दोन्ही बाजू पटतात. रोज आठ तास मजकूर चिरफाड करणाऱ्याला मोड हात मोकळे करून देतात, महिन्यातून एकदा एक ओळ बदलणाऱ्याला ते अडवतात.

'एस्केप' या शब्दाची जन्मकथा मात्र नवशिक्याला सांगावी अशी आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'एक्सकाप्पारे' असा शब्द असावा असे मानतात. 'काप्पा' म्हणजे अंगावरचा झगा, 'एक्स' म्हणजे बाहेर. पाठलाग करणाऱ्याच्या हातात झगा ठेवून त्यातून निसटणे, ते एस्केप. संगणकात ही कळ आणली बॉब बेमर यांनी, 1960 साली आयबीएममध्ये असताना, एका अक्षरसंकेतातून दुसऱ्यात शिरण्याची सोय म्हणून. व्हीआयमध्ये एस्केप दाबताना लिहिण्याचा झगा उतरतो हे लक्षात राहिले की पुढचे सोपे. मग अपूर्णविराम ':', 'क्विट'चा क्यू, आणि बदल टाकून द्यायचे असतील तर त्यापुढे '!'. ठेवायचे असतील तर 'राइट'चा डब्ल्यू आणि 'क्विट'चा क्यू. अपूर्णविराम दाबला की आपण काही क्षण जुन्या एक्समध्ये, म्हणजे जवळजवळ एडीच्या काळात जातो. 'राइट' आणि 'क्विट' हे दोन्ही एडीचेच शब्द आहेत.

लिनक्सवर व्हीआय म्हणून आपल्याला बहुधा विम भेटतो. डच प्रोग्रामर ब्रॅम मोलेनार यांनी तो अमिगा संगणकासाठी सुरू केला आणि 1991 मध्ये लोकांना दिला. तेव्हा विमचा अर्थ होता 'व्हीआय इमिटेशन', नक्कल. 1993 मध्ये तीच तीन अक्षरे ठेवून अर्थ बदलला: 'व्हीआय इम्प्रूव्ह्ड', सुधारलेला. मोलेनार 2023 मध्ये गेले. तोवर नक्कल इतकी पुढे गेली होती की अनेकांना अस्सल व्हीआय कधी पाहायलाही मिळालेला नाही.

ईमॅक्सबद्दल थोडक्यात, कारण तो पहिल्या दिवसाचा एडिटर नाही. 'एडिटर मॅक्रोज' यातून ते नाव आले. 1976 मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि इतरांनी टेको नावाच्या जुन्या एडिटरवर रचलेल्या मॅक्रोंचा तो संच होता. टेको म्हणजे मुळात 'टेप एडिटर अँड करेक्टर', कागदी फितीवरच्या चुका दुरुस्त करणारा. ईमॅक्समुळे एक शब्द मात्र दोन घरांत विरुद्ध अर्थांनी नांदतो. 'यँक' म्हणजे हिसका देऊन ओढणे. ईमॅक्समध्ये कापलेला मजकूर परत ओढून आणणे म्हणजे यँक, म्हणजे आपले पेस्ट. व्हीआयमध्ये मजकूर उचलून घेणे म्हणजे यँक, म्हणजे आपले कॉपी. व्हीआयमध्ये कॉपीला सी मिळाला नाही, कारण 'चेंज'ने तो एडीच्या काळापासून अडवून ठेवला होता. एकाच वेळी दोन्ही एडिटर शिकायला घेऊ नयेत, असे मी कळवळून सांगतो त्याचे हे एक कारण.

आता बाण रोखलेल्या नावाकडे. नॅनोची कथा एका झाडापासून सुरू होते. ऐंशीच्या दशकात युनिक्सवर 'एल्म' नावाचा ईमेलचा प्रोग्राम होता. 'इलेक्ट्रॉनिक मेल'मधली अक्षरे घेऊन केलेले हे नाव एका झाडाचेही आहे. 1989 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात दुसरा ईमेल प्रोग्राम सुरू झाला, तेव्हा त्याला दुसऱ्या झाडाचे नाव मिळाले, 'पाइन'. तो विद्यापीठातल्या सर्वांसाठी होता, म्हणजे कचेरीतले कारकून, ग्रंथपाल, संगणकाशी फारसा संबंध न येणारे प्राध्यापक. पत्र लिहिण्यासाठी त्यात एक साधा एडिटर घातला होता: पाइनचा 'कंपोझर'. पाइनमधले 'पीआय' आणि कंपोझरमधले 'सीओ' जोडून झाले 'पिको'. खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरचा आणि ईमेल 'कंपोज' करण्याचा शब्द एकच, लॅटिन 'एकत्र ठेवणे'. मराठी छापखान्यांनी तो शब्द शंभर वर्षे वापरला आहे.

पिको लोकांना आवडला, पण त्याचा परवाना अडचणीचा होता. बदल केलेली आवृत्ती मोकळेपणी वाटता येत नसे. मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला तो उतरत नसल्याने डेबियनसारख्या वितरणांना तो मुख्य संचात घेता येईना. 1999 मध्ये ख्रिस ॲलेग्रेटा यांनी पिकोसारखाच दिसणारा, पण पूर्णपणे मोकळा एडिटर लिहिला आणि नाव ठेवले 'टिप': 'टिप इझंट पिको'. नावाच्या विस्तारात पुन्हा तेच नाव, ही स्टॉलमन यांच्या जीएनयूची, 'जीएनयूज नॉट युनिक्स'ची परंपरा. पण युनिक्सवर 'टिप' नावाचे दुसरे एक साधन आधीपासून होते, म्हणून जानेवारी 2000 मध्ये नाव बदलून झाले 'नॅनो', 'नॅनोज अनदर एडिटर'. 2001 मध्ये तो अधिकृतपणे जीएनयूच्या कुटुंबात गेला. फेडोराने 2020 मध्ये, 33 व्या आवृत्तीत, व्हीआयऐवजी नॅनोलाच मूलभूत एडिटर केले.

नॅनो हे नाव निवडताना एक नेमका हिशेब होता. मेट्रिक मापांत पिको म्हणजे एक लाख कोटींमधला एक भाग, नॅनो म्हणजे शंभर कोटींमधला एक. नॅनो पिकोच्या हजारपट मोठा. दोन्ही उपसर्ग आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत 1960 साली आले. 'नॅनो' ग्रीक 'नानोस'वरून, म्हणजे बुटका, वामन. 'पिको'चे मूळ सहसा स्पॅनिशमध्ये सांगतात. तिथे त्याचा अर्थ चोच किंवा शिखर, पण 'त्रेस इ पिको' म्हटले की तीन आणि वर थोडेसे. मराठी कानाला नॅनो शब्द टाटांच्या 2008 सालच्या मोटारीने परिचयाचा झाला, आणि 2021 नंतर बाटलीतल्या नॅनो युरियाने तो शेताच्या बांधावर पोचला. दोन्हीकडे अर्थ एकच, छोटे. म्हणून एडिटरचे नाव ऐकल्यावर मराठी शिकणाऱ्याला ते परके वाटत नाही. त्यातली चढती भाजणी मात्र सांगावी लागते. ती पुढेही चालू राहिली. 2016 मध्ये झॅकरी येडिडिया यांनी नॅनोचा वारसदार म्हणून जो एडिटर आणला त्याचे नाव 'मायक्रो', नॅनोच्या हजारपट. त्याच वर्षी सॅल्वातोरे सानफिलिप्पो यांनी 'किलो' लिहिला, त्याच्या कोडच्या ओळी हजाराहून कमी म्हणून.

नॅनो उघडून त्याच्या तळाकडे पाहा. तिथल्या दोन ओळींत सगळ्या महत्त्वाच्या कळा लिहिलेल्या असतात, प्रत्येकीच्या आधी ^ हे चिन्ह. नवशिके पुष्कळदा ते चिन्हच टंकू पाहतात. त्याचा अर्थ आहे 'कंट्रोल दाबून धरा'. या चिन्हाला इंग्रजीत 'कॅरेट' म्हणतात. लॅटिनमध्ये 'कारेत' म्हणजे 'उणे आहे'. मुद्रितशोधक ओळीत राहून गेलेला शब्द घालायची जागा या खुणेने दाखवतात. आपल्याकडे पोथ्या उतरवून घेणारे हीच खूण करत आणि तिला कावळ्याच्या पायासारखी म्हणून 'काकपद' म्हणत. मोठा सुंदर शब्द आहे, आणि नॅनो शिकवताना तो वापरावा असे मला मनापासून वाटते: काकपद जी म्हणजे मदत, काकपद ओ म्हणजे सेव्ह, काकपद एक्स म्हणजे बाहेर. याच काकपदाची आणखी एक गंमत टेस्लर यांनी सांगितली आहे. ॲपलमध्ये लिसा संगणकाच्या वेळी कट, कॉपी, पेस्टला एक्स, सी आणि व्ही या शेजारच्या कळा आल्या. एक्स म्हणजे काट मारणे, सी तर कॉपीचेच आद्याक्षर, आणि व्ही म्हणजे खाली टोक असलेले, उलटे काकपद: इथे घाला. जगभर दिवसातून कितीदा तरी पेस्ट करणारी बोटे पोथीलेखकाचीच खूण उलटी करून दाबतात.

नॅनोच्या तळाशी सेव्ह हा शब्द नाही, 'राइट आउट' आहे, म्हणून कळ ओ. कंट्रोल-एस का नाही? टेलिटाइपच्या कागदी फितीचे वाचनयंत्र थांबवण्याचा इशारा कंट्रोल-एस होता आणि पुन्हा चालू करण्याचा कंट्रोल-क्यू. टर्मिनल हा जुना करार आजही पाळते. नुसत्या कमांड लाइनवर चुकून कंट्रोल-एस दाबले की पडदा गोठतो आणि नवशिक्याला संगणक बंद पडला असे वाटते. कंट्रोल-क्यू दाबले की सगळे परत सुरू. नॅनोच्या नव्या आवृत्त्या कंट्रोल-एस स्वतःकडे घेतात आणि त्यावर फाइल सेव्ह करतात. शोधण्याच्या कळेलाही असाच इतिहास आहे. 'व्हेअर इज'चा डब्ल्यू हे पाइनच्या काळातले बोलके नाव, वापरणाऱ्याच्या तोंडचा प्रश्नच. 2024 च्या 8.0 आवृत्तीपासून कंट्रोल-एफही शोध सुरू करतो. जुन्या नॅनोत कापलेले परत आणण्याला 'अनकट' म्हणत, आता 'पेस्ट' म्हणतात. 'जस्टिफाय' मात्र अजून आहे, परिच्छेदाच्या ओळी जुळवणारा छापखान्याचा शब्द. बाहेरच्या जगात शब्द बदलले तसे नॅनोने तळाच्या त्या दोन ओळींत ते बदलून घेतले, आणि मला नॅनोबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा आहे.

देवनागरीबद्दल इथे एक प्रामाणिक इशारा द्यायला हवा. 2006 च्या 2.0 आवृत्तीपासून नॅनो युनिकोडचा यूटीएफ-8 संकेत समजतो, त्यामुळे मराठी मजकूर त्यात उघडतो आणि सेव्हही होतो. पण टर्मिनल म्हणजे एकसारख्या चौकटींची जाळी, एका चौकटीत एक अक्षर या हिशेबाने आखलेली. आपला 'क्षि' साठवला जातो चार चिन्हांत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. पडद्यावर तो एकच जोडाक्षर होतो, आणि शेवटी साठवलेली वेलांटी सर्वांत आधी दिसते. एडिटरने मोजलेल्या चौकटी आणि टर्मिनलने काढलेल्या चौकटी जुळल्या नाहीत की कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्या जागी पडते. कोणत्या टर्मिनलवर हे कितपत नीट दिसेल यात बराच फरक पडतो. मराठी लेख लिहायचा तर खिडकीतला साधा एडिटर घ्यावा. कमांड लाइनवरचा एडिटर मुख्यतः ज्या फाइलींसाठी लागतो त्या रोमन लिपीतच असतात. त्यांच्या नावांच्या शेवटी बहुधा 'आरसी' असते: बॅशआरसी, विमआरसी, नॅनोआरसी. हे आरसी एमआयटीच्या साठच्या दशकातल्या सीटीएसएस या प्रणालीतून आले, जिथे कमांडींची फाइल ओळीने चालवण्याच्या सोयीला 'रनकॉम' म्हणत. रन कमांड्स.

तर उत्तर: नॅनोने सुरुवात करा. मायक्रोच्या कळा खिडकीतल्या एडिटरांसारख्याच आहेत, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस, आणि तो माऊसही समजतो. स्वतःच्या संगणकावर तो बसवून घेणाऱ्याला मी अडवणार नाही. 'जो', म्हणजे 'जोज ओन एडिटर', जोसेफ ॲलन यांचा, वर्डस्टारवर हात बसलेल्यांना अजून घरचा वाटतो. पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरलात की जे आधीपासून आहे त्यावरच भागवावे लागते, आणि तिथे नॅनो किंवा व्हीआय यांपैकी एक हमखास सापडतो. म्हणून नॅनो रोजच्या वापराला, आणि व्हीआयमधून सुखरूप बाहेर पडण्याइतका व्हीआय सोबतीला: एस्केप, अपूर्णविराम, क्यू, उद्गारचिन्ह. पुढे व्हीआयची ओढ लागली तर 'विमट्यूटर' ही कमांड अर्ध्या तासात पाया घालून देते. ज्याला त्याची ओढ कधीच लागत नाही, त्याचे काम नॅनोवर आयुष्यभर उत्तम चालते आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून टाकावी. गिटसारखे प्रोग्राम मजकूर लिहायची वेळ आली की स्वतःच एडिटर उघडतात, आणि काही सांगून ठेवले नसेल तर गिटची निवड बहुधा व्हीआयच असते. कुठला उघडायचा हे ठरवणारी दोन नावे आहेत, 'व्हिज्युअल' आणि 'एडिटर'. दोन का? कारण एके काळी टर्मिनले दोन जातींची होती. कागदाच्या टेलिटाइपसाठी 'एडिटर'मध्ये एडीसारखा ओळीचा एडिटर लिहीत, आणि पडद्याच्या टर्मिनलसाठी 'व्हिज्युअल'मध्ये व्हीआयसारखा. टेलिटाइप गेली, तरी या दोन नावांपैकी गिट आधी 'व्हिज्युअल' विचारतो, तिथे काही नसेल तर 'एडिटर' पाहतो, आणि दोन्ही रिकामी असली तरच आपल्या ठरलेल्या एडिटरकडे, बहुधा व्हीआयकडे, वळतो. तेव्हा घरच्या फोल्डरमधली बॅशआरसी फाइल नॅनोत उघडा, अगदी खाली जा, 'एक्सपोर्ट' लिहून दोन्ही नावांना नॅनो जोडणाऱ्या दोन ओळी घाला, ती दोन नावे तेवढी मोठ्या रोमन अक्षरांत, बाकी सगळे छोट्या, आणि बरोबर-चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता. मग काकपद ओ, एंटर, काकपद एक्स. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडले की त्या ओळी लागू होतील.